बापूसाहेबांचा नंबर

"बापू... ए बापू, जेवलास का रं?"

कणीक मळणारे सविताचे हात परातीतच थिजले. मेसेज आला म्हणून तिने करंगळीने फोन उघडला होता, आणि त्यातून हा आवाज निघाला होता... तिच्या सासूचा, कस्तुराबाईंचा! त्या तर पलीकडच्याच खोलीत पलंगावर बसल्या होत्या. आणि ज्याला त्या जेवलास का म्हणून विचारत होत्या तो त्यांचा थोरला मुलगा, सविताचा नवरा बापूसाहेब, त्याला जाऊन तीन वर्षे होत आली होती.

तिला काही सुचायच्या आत फोनने आपणहूनच उत्तर धाडून दिले. तिच्या डोळ्यांदेखत, तिने बोटही न लावता! ‘नमस्कार. तुमचा बापूसाहेब सदैव तुमच्यासोबत आहे. सरपंचपदासाठी माझा धाकटा भाऊ सत्यजीत याला कपबशीसमोरचे बटण दाबून प्रचंड मतांनी विजयी करा.’

कस्तुराबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत त्या वाचत. भिंतीपलीकडून ते वाचणे सविताला ऐकू येत होते. "तुमचा... बापूसाहेब... सदैव... तुमच्यासोबत..." आणि मग एकाएकी त्या हसल्या! तीन वर्षांत ज्या घराने त्यांचे हसू ऐकले नव्हते, त्या घरात त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "बोलला! माझा बापू बोलला!" पुढचे त्यांनी वाचलेच नाही. मुलगा सोबत आहे म्हणतोय, मग आणखी काय वाचायचे होते त्या आईला?



हा नंबर बापूसाहेबांचा. शिरूर तालुक्याच्या त्या टोकाला, मांडवगण फराट्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तो लोकांना तोंडपाठ होता. बापूसाहेब कधी कुठल्या पदावर नव्हते, पण कुणाला रक्ताची बाटली हवी असो, रांजणगावच्या कंपनीत कुणाच्या पोराचा हात मशीनमध्ये सापडलेला असो, माणसे आधी हा नंबर लावत आणि मग रडत. बापूसाहेब गेल्यावरही लोक सवयीने फोन करीतच राहिले, आणि सविताने ते सिम बंद होऊ दिले नाही. "मी त्यांची मंडळी बोलते, सांगा," असे म्हणून ती दौंडपासून पुण्यापर्यंत फोन फिरवायची, माणसाला माणूस जोडून द्यायची. त्यातच तिला तिचा नवरा थोडासा सापडायचा. कौतुक कुणी केले नाही, तिनेही ते मागितले नाही.

मग निवडणूक लागली. धाकटे दीर सत्यजीत उभे राहिले आणि एके दिवशी म्हणाले, "वैनी, दादाचा फोन दिसभर द्या, जरा काम हाय." तिने का म्हणूनही विचारले नाही. शिरूरचा कुणी जालिंदर म्हणून सोशल मीडियावाला होता, त्याने बापूसाहेबांच्या फेसबुक पेजला हा नंबर जोडला, येणाऱ्या प्रत्येक मेसेजला आपोआप जाणारे उत्तर भरून ठेवले आणि वर एक व्हिडिओ टाकला. जुन्या भाषणांवरून मशीनने बनवलेला हुबेहूब आवाज! "मी बापूसाहेब बोलतोय..." असे म्हणत मेलेला माणूस मते मागत होता, आणि त्याच्याखाली बटण होते, ‘व्हॉट्सॲपवर मेसेज करा’. ते बटण दाबले की मेसेज थेट सविताच्या ओट्यावर! सासूबाईंनीही तो व्हिडिओ पाहून तेच बटण दाबले असणार.

व्हिडिओ पाहून ती दोन दिवस आतल्या आत जळत होती. एकदा बोललीही. "भाऊजी, हे बरं न्हाई." त्यावर सत्यजीत म्हणाले, "निवडणुकीपुरतं हाय, वैनी." ती गप्प बसली. तिला या घरात गप्प बसायची सवयच लावली होती ना! पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले, मेंदू गेला, श्वास फक्त यंत्राचा आहे म्हणाले, तेव्हा ते यंत्र थांबवायच्या कागदावर तिने सही केली होती. त्या दिवसापासून कस्तुराबाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. काही हवे असले की भिंतीला सांगावे तसे सांगत. "कुणीतरी पाणी द्या." ते कुणीतरी म्हणजे सविता! ती पाणी देई, त्यांचे पाय चेपी, आणि त्या तोंड फिरवून डोळे मिटून घेत.

फोन पुन्हा वाजला. "बापू, गुडघं लई दुखत्यात रं. झोप येत न्हाई. तू एकदा ये की..."

आणि यंत्राने तत्परतेने त्या गुडघ्यांना कपबशी दाखवली.

बस्स! सविताने हात धुतले, पदराला पुसले आणि फोन घेऊन ती सरळ चुलीपुढच्या पाटावर बसली. सेटिंग्जमध्ये शोधत शोधत ती तिथवर पोचली. फेसबुक पेज जोडलेले आहे, असे लिहिले होते, आणि खाली ‘डिस्कनेक्ट’. तिचे बोट वरच अडले. पलीकडे सासूबाई अजून हसत होत्या, स्वतःशी गुणगुणत होत्या. हे तोडले तर त्यांचे हसू तुटणार... आणि दोष कुणाच्या माथी? पुन्हा तिच्याच! एकदा नवऱ्याला मारल्याचा आळ तिने पोटात घातला होता. दुसऱ्यांदा तोच घ्यायचा? क्षणभर तिला वाटले, राहू दे, म्हातारीला तेवढाच आधार. पण आधार कसला हा! आईच्या मायेला मतांच्या बाजारात उभे करायचे, आणि त्याला आधार म्हणायचे?

‘नक्की डिस्कनेक्ट करायचे?’ फोनने विचारले.

"नक्की," ती मोठ्याने म्हणाली आणि बोट टेकवले. आपोआप जाणारे ते उत्तरही तिने पुसून टाकले.

चहा होईपर्यंत सत्यजीतची गाडी दारात! मागे लॅपटॉप काखेत मारलेला जालिंदर. सत्यजीत चपला न काढताच स्वयंपाकघरात आले.

"वैनी, पेजवरचं बटण गेलं! लोकांचं मेसेज धडाधड येत हुतं, सगळं बंद पडलं. काय झालं?"

"बंद पडलं न्हाई. मी तोडलं."

"तोडलं? उद्या सभा हाय माझी!"

"सभा घ्या की. पेजबी तुमच्यापाशी ठेवा. ह्यांचा नंबर मात्र त्याला जोडू द्यायची न्हाई मी."

जालिंदर मधेच गोड हसला. असली माणसे फार गोड हसतात. "ताई, एवढं काय न्हाई त्यात. मी हितनं परत जोडतो. तुमच्या फोनवर एक कोड यील, तेवढा वाचून दाखवा." त्याने लॅपटॉप उघडून बोटे चालवली, आणि सविताच्या हातातला फोन थरथरला. सहा आकडे आले. एवढ्याशा त्या सहा आकड्यांसाठी स्वयंपाकघरातली तीन माणसे श्वास रोखून उभी राहिली.

"सांगा, वैनी."

"न्हाई सांगणार."

"अवो, दादा असता तर त्यानंच माझ्यासाठी घरोघर फिरून मतं मागितली असती!"

"असते तर मागितली असती, न्हाईतर नसती मागितली. ते त्यांचं त्यांनी ठरवलं असतं. गेलेल्या माणसाला न्हाई म्हणता येत न्हाई, भाऊजी. म्हणून मी म्हणते. न्हाई!"

सत्यजीतचा चेहरा लालबुंद झाला. "हे असं वागायचं असंल तर दौंडची वाट धरा. माहेरी जाऊन बसा. हे घर आमचं हाय!"

"माझंबी हाय," सविता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात अशी धार होती की जालिंदरने लॅपटॉप हळूच मिटला. "मी कुठं जायची न्हाई, आन् कोडबी सांगायची न्हाई. हातातनं फोन घ्यायचा असंल तर घ्या हिसकावून. बघू द्या गावाला, सरपंच व्हायला निघालेला माणूस भावजयीशी कसा वागतो ते!"

त्यावर सत्यजीतने तो घाव घातला. "तवा दवाखान्यातबी तुम्हीच तोडलं. आज परत तुम्हीच! दादाचं काय उरलंय तेबी बघवंना का तुम्हाला?"

सविताने मान वर केली आणि दिराकडे पाहिले, नुसते पाहिले. त्या नजरेसमोर सत्यजीतच्या ओठांवरचे पुढचे शब्द विरून गेले. कारण दवाखान्याच्या त्या जिन्यात कोण कुणाचे हात धरून रडले होते, हे त्या दोघांनाच माहीत होते. "वैनी, आता थांबवा. दादाचं हाल बघवत न्हाईत. पण सही माझ्यानं व्हायची न्हाई... आईला काय तोंड दाखवू मी?" असे म्हणून सत्यजीत खाली निघून गेले होते, आणि सविताने वर जाऊन सही केली होती. एका आईने एक मुलगा गमावला होता, दुसरा तिच्या मनातून उतरू नये म्हणून सविताने तो आळ एकटीने उचलला होता. आज एक वाक्य बोलायचा अवकाश होता! ते वाक्य तिच्या जिभेवर आले... आणि तिने ते गिळले.

"सत्या."

दारात कस्तुराबाई उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात फोन, चष्मा नाकावर घसरलेला. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"सत्या, ह्ये खालचं तू लिवलंस?"

सत्यजीतने जालिंदरकडे पाहिले.

"मला वाचाया येळ लागतो. पर वाचलं मी, सगळं वाचलं." त्यांनी हातातला फोन पुढे धरला. "मी त्याला इचारलं, जेवलास का... आन् त्यानं मला मत मागितलं! मी म्हणलं, गुडघं दुखत्यात... परत मत! माझा बापू वैऱ्यालाबी आधी पाणी इचारायचा रं. त्याच्या तोंडात ह्ये घालताना तुला आईची आठवण न्हाई झाली?"

"आई, मी निवडून यावं म्हणून..."

"निवडून ये की! पर तुझ्या पायानं चालत ये. मेलेल्या भावाच्या खांद्यावर बसून नगं."

"मग लोकांना काय सांगू मी?"

"तुझं नाव सांग!"

असे म्हणून त्या सविताकडे वळल्या. भिंतीकडे नाही, सविताकडे! "आन् तू... सविता... कोड सांगू नगंस गं. मी सांगते तुला, कुणी कितीबी म्हणलं तरी सांगू नगंस."

तीन वर्षांनी आपले नाव त्या तोंडून ऐकून इतका वेळ ताठ उभ्या असलेल्या सविताचे डोळे घळाघळा वाहू लागले.

सत्यजीतने जालिंदरला खूण केली. "तो व्हिडिओ काढून टाक. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर." काम झाले, तरी त्यांचा पाय निघेना. ते दारापर्यंत गेले, परत आले आणि आईपुढे उभे राहिले. "आई, तुला एक सांगायचंय. तवा दवाखान्यात वैनींनी..."

"भाऊजी!" सविताने त्यांना मधेच तोडले. "माणसं खोळंबली असतील तुमची. निघा."

"वैनी, पण मी..."

"निघा म्हणते ना! उद्या सभेत भाषण करायचंय, त्याची तयारी करा. आता तुमचं तुम्हालाच बोलायचंय."

वाकून वहिनीच्या पायाला हात लावून सत्यजीत निघून गेले. ते काय सांगणार होते, हे कस्तुराबाईंना आजही ठाऊक नाही.

घर शांत झाले. कस्तुराबाई भिंतीला धरत धरत पाटावर येऊन बसल्या. हातातल्या फोनकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारले, "सविता, आता ह्याच्यावर हाक मारली तर तो बोलायचा न्हाई ना?"

"न्हाई, आत्याबाई."

"कवाच?"

खोटे बोलणे किती सोपे होते! पण सविता त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांचे सुरकुतलेले हात आपल्या हातांत घेतले. "कवाच न्हाई. गेले ते, आत्याबाई."

बापूसाहेबांच्या मातीलासुद्धा कस्तुराबाई रडल्या नव्हत्या, दगडासारख्या बसून होत्या. आता मात्र तो दाबून ठेवलेला टाहो असा फुटला की शेजारपाजारची माणसे अंगणात गोळा झाली. सुनेच्या गळ्यात पडून त्या म्हातारीने आपल्या मुलाला हाका मारल्या, छाती पिटली, पुन्हा हाका मारल्या, आणि सविता त्यांना घट्ट धरून बसली.

"तुझ्यावर आळ घातला गं पोरी," हुंदक्यातून शब्द फुटत होते, "तू मारलंस म्हणलं... तू तर त्याला सोडवलंस. त्याला जाऊ देत नव्हते ती मीच... मीच धरून बसले हुते गं!"