पेटीतल्या दोन ताया

चंद्रावरच्या वस्तीचं दार शर्वरीच्या ताईला ओळखतच नव्हतं! काल हेच दार तिच्या याच गाडीसाठी मुकाट उघडलं होतं. आज मात्र दारावरचा यंत्रमानव हरबा अडून बसला होता.

"दाखला विश्वासातला नाही. प्रवेश नाही."

"अरे, माझी सख्खी बहीण आहे ती!" शर्वरी रडकुंडीला आली. बाहेर ताईच्या गाडीतला प्राणवायू संपत चालला होता.

"त्याला नाती कळत नाहीत गं," नाना आजोबा म्हणाले. वस्तीची संगणकयंत्रणा त्यांनीच उभारली होती. "प्रत्येक गाडीकडे दाखला (डिजिटल ओळखपत्र) असतो. ज्यांच्यावर आपला विश्वास, त्यांचे दाखले किल्लीपेटीत (संगणकातल्या कुलूपबंद साठ्यात) एकेका टोपणनावाने ठेवलेले असतात. बघ, ताईचा आहे का."

शर्वरीने टोपणनावं पडद्यावर आणली. "आहे की! 'ताई'." तिने तो दाखला उघडला आणि तिचा चेहराच पडला. आत नाव होतं अनघाताईचं!

काल वस्तीत नव्याने आलेल्या अनघाताईच्या गाडीचा दाखला पेटीत घालणारा प्रोग्राम शर्वरीनेच लिहिला होता. टोपणनाव दिलं होतं 'ताई'. मराठी माणसांत ताईंना काय तोटा! पण पेटीत एका नावाला एकच जागा. नवी ताई आली आणि जुनी पुसली गेली.

"मग गाडीकडूनच दाखला परत मागवते!"

"मागव. पण तो तिचाच कशावरून? आधी ठसा (दाखल्यावरून गणिताने काढलेली अक्षरांची ओळ) जुळव. दाखल्यातलं एक अक्षर बदललं, तरी अख्खा ठसा बदलतो."

"अख्खा?" एवढ्या घाईतही शर्वरी थक्क झाली.

ताई रेडिओवरून गाडीतल्या पट्टीवर कोरलेला ठसा वाचू लागली. तिला धाप लागत होती. गाडीकडून आलेल्या दाखल्याचा ठसा पडद्यावर होता; शर्वरी त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहत होती. शेवटचंही जुळलं! टोपणनाव आधीच वापरात आहे का, हे तपासणारी ओळ तिने प्रोग्राममध्ये घातली आणि या वेळी ताईचं नाव जोडून 'वैदेहीताई' या टोपणनावाने दाखला ठेवला.

"पेटी जतन केलीस? नाहीतर सगळं पाण्यात."

"केली!"

"ओळख पटली," हरबा म्हणाला. बाहेरचं अवाढव्य दार सरकू लागलं. अक्षरांच्या एका ओळीने केवढं दार हलवलं! शर्वरी आ वासून पाहत राहिली.

"नाना, उद्या दुसऱ्या ग्रहावरून कुणी आलं तर?"

"ठसा जुळवू आणि घेऊ की आत."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. ताईने शिरस्त्राण काढलं, शर्वरीला जवळ ओढलं आणि छाती भरून श्वास घेतला.