पाठीवरची छत्री

वाऱ्याने उलटी झालेली छत्री घेऊन तो आत शिरला, तेव्हा चिगुसा श्वास रोखून एका काळ्या किमोनोवर बारीक रेघ ओढत होती. रेघ पुरी होईपर्यंत तिने मान वर केली नाही. क्योतोच्या त्या बोळात पाऊस नुसता झोडपत होता, आणि पाहुण्याच्या केसांतलं पाणी थेट तिच्या चटईवर ठिबकत होतं.

"छत्री दुरुस्त करून मिळेल?"

"इथे छत्र्या दुरुस्त होत नाहीत."

"पण बाहेर दाराच्या पडद्यावर तर... छत्री आहे."

चिगुसाला हसू आवरेना. पडद्यावरची छत्री ही काही दुकानाची पाटी नव्हती, ते तिच्या आईकडून आलेलं कुळचिन्ह होतं. लोकांच्या किमोनोंवर अशी कुळचिन्हं रंगवायची, हा तिचा धंदा, आईनेच शिकवलेला. पण समोरचा माणूस इतका भिजला होता की तिला राहवलं नाही. तिने भाताची खळ घेतली आणि फाटल्या जागी ठिगळ लावून दिलं.

ते पहिल्याच वळणावर सुटलं. दुसऱ्या दिवशी तो तक्रार घेऊन हजर. पुढच्या खेपेला तर छत्री चांगली धडधाकट होती.

"हिला काय झालंय?" चिगुसाने विचारलं.

"अजून काही नाही," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "पण होईल... म्हणून आधीच आलो."

शुहेई ओनोदेरा त्याचं नाव. सेंदाईचा, पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. चेरी फुलेपर्यंत दोघांचं लग्न ठरलंसुद्धा. कायद्याने नवराबायकोचं आडनाव एकच लागतं, तेव्हा कुणाचं घ्यायचं हे ठरवायला दोघं नदीकाठी दगड-कागद-कात्री खेळले. चिगुसा हरली. हरले तर हरले, म्हणाली, ओनोदेरा काही ऐकायला वाईट नाही.

मग सेंदाईहून त्याच्या आईचा निरोप आला. साखरपुड्याला येताना सुनेच्या किमोनोच्या पाठीवर ओनोदेरा घराण्याचं चिन्ह, म्हणजे ओकची पानं हवीत, जुनी छत्री पुसून टाकावी. घरचाच धंदा आहे, रंगवणावळही वाचेल.

चिगुसाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या भागात लेकीचं चिन्ह आईकडून येतं. आजीची छत्री आईकडे आली, आईची तिच्याकडे. घरात नवरे आले, आडनावं बदलली, छत्री मात्र तीच राहिली. आई आता नव्हती, आणि साखरपुड्यासाठी ठेवलेल्या जांभळ्या किमोनोच्या पाठीवरची छत्री आईच्या हातची होती.

"एवढंसं तर चित्र आहे," शुहेई चाचरत म्हणाला. "तेवढंच आईचं मन राहील..."

तिने कुंचला खाली ठेवला.

"आडनाव दिलं, शुहेई. हसत दिलं. पण माझी आई मी पुसणार नाही. साखरपुड्याला छत्री घेऊनच येईन. चालणार नसेल तर दारातूनच परत फिरेन."

तो तसाच उठून सेंदाईला गेला. नंतर त्याचा फोनही आला नाही. चिगुसाला त्याचा राग आला होता. त्या रागातही तोच हवा होता, याचा तर त्याहून जास्त.

ठरल्या दिवशी ती एकटीच सेंदाईला पोचली. त्याची आई, फुमिएबाई, दारात गुडघे टेकून ताठ बसल्या होत्या. घरात आल्यावर आपल्या चपला नीट वळवून ठेवायच्या, पण तसं करताना यजमानांकडे पाठ करायची नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. चिगुसाने वाकताना पूर्ण पाठ केली, छत्री दिसेल अशी.

"निरोप पोचला नाही वाटतं," फुमिएबाई साखरेच्या आवाजात म्हणाल्या.

"पोचला. म्हणून तर पाठ दाखवली."

दोघींपैकी कुणीच नजर खाली घेतली नाही. तेवढ्यात आतून शुहेई आला, आजोबांचा काळा अंगरखा घालून. तो चिगुसासमोर वाकला, आणि मग आईकडे पाठ करून उभा राहिला. ओकच्या पानांवर पांढऱ्या कापडाचा तुकडा चिकटवलेला होता. त्यावर छत्री. एका अंगाला फुगलेली, काड्या वाटेल तिकडे गेलेल्या, आणि एक कोपरा आत्ताच सुटत आलेला.

"आजोबांचा अंगरखा आहे तो," फुमिएबाई म्हणाल्या. आवाजातली साखर संपली होती.

"हो, आई. पानं खाली शाबूत आहेत. पण तिची छत्री पुसायची असेल, तर आधी ही काढ."

फुमिएबाईंचा हात सुटलेल्या कोपऱ्यापर्यंत गेला. चिगुसाने श्वास रोखला. हात तिथेच थोडा वेळ थांबला, मग मागे आला.

"चिकटवायचंच होतं, तर निदान सरळ तरी चिकटवायचं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "चहा नाही टाकत. मिठातली चेरीची फुलं काढते."

साखरपुड्याला चहा देत नाहीत, गरम पाण्यात ती फुलं सोडून देतात. चिगुसाने पुढे होऊन तो कोपरा अंगठ्याने दाबून धरला.

"काय वेडंवाकडं काढलंयस... एक फोन नाही, काही नाही."

"नुसतं बोलून भागलं नसतं. आणि काड्या जमत नव्हत्या."

"चिकटवलंस कशाने?"

"भाताच्या खळीने. तुझ्याकडूनच शिकलो."

"ती पहिल्याच वळणावर सुटते, शुहेई."

"माहीत आहे," तो मान न वळवता म्हणाला. "सुटली की येईन ना... तक्रार घेऊन. जन्मभर."

फुमिएबाई पेले घेऊन बाहेर आल्या, तरी चिगुसाने त्याच्या पाठीवरचा अंगठा काढला नाही.