अप्पांचा श्वासठसा

विद्यापीठाच्या वसतिगृहात प्रवेश घेताना आता खोलीच्या किल्लीबरोबर एक पारखी मिळते. हरभऱ्याएवढं यंत्र, कानात बसवायचं. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायला चोरांना त्याचं तीन सेकंदांचं बोलणं पुरायला लागलं, तेव्हापासून आवाजावर विश्वास ठेवणं लोकांनी सोडून दिलं. श्वासाचं मात्र तसं नाही. दोन शब्दांमध्ये माणूस किती हवा घेतो, कुठे अडखळतो, हे ज्याच्या त्याच्या फुप्फुसांवर आणि बरगड्यांवर ठरतं. या खुणेला श्वासठसा म्हणतात. मूळ ठसा हाती असल्याशिवाय त्याची नक्कल होत नाही. घरच्यांचे ठसे पारखीत भरलेले असतात. फोन आला की ती कानात सांगते, 'खरा' किंवा 'नकली'.

शलाका वाघचौरेनं पारखीचा शब्द कधी मोडला नव्हता. पहिल्या वर्षी, पारखी यायच्या आधी, आत्याच्या नकली आवाजाला फसून तिनं वडिलांच्या, अप्पांच्या, बँकखात्याचे सगळे संकेतांक वाचून दाखवले होते आणि खातं रिकामं झालं होतं. अप्पा एका शब्दानं रागावले नाहीत. निवृत्तीच्या वयात ते सांगलीकडच्या एका शीतगृहात पुन्हा कामाला लागले, एवढंच.

त्या दुपारी ती भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. फोन अप्पांचा.

"शलू... ठेवू नकोस... आईला..."

'नकली,' पारखी म्हणाली.

आवाज अप्पांचाच होता, पण धाप भलतीच. घाबरवून घाई करायला लावणं ही चोरांची जुनी रीत. शिकवलं होतं तसं तिनं फोन कापला आणि स्वतःहून अप्पांच्या नंबरावर लावला. तो व्यस्त लागला, कारण तिकडून ते पुन्हा तिलाच लावत होते. हे तिला नंतर कळलं. आणखी तीन फोन आले; पारखीनं ते वाजू न देता परस्पर ऐकले, नकली ठरवले आणि नुसते साठवले.

संध्याकाळी आत्याचा आला. 'खरा,' पारखी म्हणाली.

"शलाका, शीतगृहात अमोनियाची नळी फुटली. अप्पा गेले गं. तासभर शुद्धीवर होते. तुलाच लावत होते."

तेराव्यानंतर ती डॉ. हेमांगी सबनीसांसमोर जाऊन बसली. पारखी त्यांनीच बनवली होती.

"यंत्र चुकलं, एवढं तरी म्हणा मॅडम."

"म्हटलं असतं. पण ते चुकलं नाही. अमोनियानं फुप्फुसं आतून भाजतात. पारखीनं ऐकला तो श्वास तुझ्या वडिलांचा नव्हताच. म्हणजे, आधीचा नव्हता."

"मग भाजलेला, जखमी श्वास ओळखायला शिकवा तिला."

"शिकवायला खरे नमुने लागतात. मरणाऱ्या माणसाचा श्वास कुणी नोंदवून ठेवत नाही." सबनीसांनी तिच्या कानाकडे बोट दाखवलं. "तुझ्या पारखीत ते चार फोन आहेत. दिलेस तर शिकवता येईल. पण मग त्यांचा ठसा यादीत जिवंत ठेवावा लागेल; गेलेल्यांचे एरवी आम्ही पुसतो. आणि कधीच फुटणार नाही असं कोठार मी अजून पाहिलेलं नाही. समजतंय ना?"

"दुसऱ्या कुणाच्या बापाचा फोन तरी लागेल," शलाका म्हणाली आणि तिनं सही केली.

दिवाळीनंतर नवी पारखी आली. पहिल्याच महिन्यात अपघातात सापडलेल्या दोघांचे फोन घरी पोचले. त्यातला एक वाचला. सबनीसांनी शलाकाला मुद्दाम कळवलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

फेब्रुवारीत चोरांनी नमुन्यांचं कोठार फोडलं. जुने ठसे पुसून नवे घ्यायला आठवडा लागेल, तोवर कुठल्याही फोनवर काहीही सांगू नका, अशी सूचना सगळ्या वसतिगृहांत लागली. आपल्या मजल्यावर ती शलाकानंच चिकटवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तेव्हा फोन आला.

"शलू... ऐकतेस ना..." आणि मग ती धाप, एक लांब, दोन तुटक.

'खरा,' पारखी म्हणाली.

"तुझा ओळखक्रमांक... सांग बाळ. घाई आहे."

अप्पांच्या अस्थी तिनं स्वतःच्या हातांनी कृष्णेत सोडल्या होत्या. बोलतोय तो चोर आहे, कुठल्यातरी खोलीत बसून यंत्र चालवतोय, हे तिला स्वच्छ कळत होतं.

ती कठड्याला टेकून खाली बसली. पहिला आकडा सांगितला. मग थांबून पलीकडचा श्वास ऐकला. दुसरा सांगितला. एकूण बारा आकडे होते. ते होतील तितके पुरवून पुरवून सांगायचे, एवढंच आता तिच्या मनात होतं.