दुसरं फडकं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण असलं काही फक्त रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. हे भर दुपारी घडलं, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, डॉक्टर आणि सिस्टर समोर उभे असताना. आणि घडलं ते आमच्या ताईच्या बाबतीत, जी लहानपणापासून कुणाच्या बापाला घाबरत नाही.

ताईला जुळं झालं. दिवस भरायच्या खूप आधी. आधी मुलगा, मागोमाग मुलगी. नावं ठरायच्या आत दोघं एनआयसीयूतल्या काचेच्या पेट्यांत जाऊन पडली, म्हणून घरातले त्यांना थोरला आणि धाकटीच म्हणायला लागले. दोन मिनिटांनी मोठा असलेला थोरला!

ताई वरच्या मजल्यावर. सिझरचे टाके चिघळलेले, अंगात ताप, दूध अजून उतरलेलं नाही. बाळांकडे जायला सक्त मनाई. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

त्या दवाखान्यात एक पद्धत होती. आईनं मऊ सुती फडकं रात्रभर छातीशी धरून झोपायचं. सकाळी ते बाळाच्या उशाशी ठेवायचं. आई जवळ नसली तरी तिच्या अंगाचा वास बाळाला मिळतो, बाळ शांत राहतं. बाळं दोन, म्हणून फडकी दोन.

पण ताप चढला तसं ताईकडून एकच फडकं जायला लागलं. दोन सांभाळायचं त्राणच नव्हतं. "आलटून पालटून दोघांना द्यायला सांगा हं," असं तिनं भाऊजींना बजावलं होतं. भाऊजी फडकं सिस्टरच्या हातात द्यायचे आणि निरोप विसरून परत यायचे. सिस्टर ते थोरल्याला ठेवायची.

म्हणजे धाकटीला काहीच मिळत नव्हतं.

निदान सगळ्यांना तसं वाटत होतं...

ताप उतरल्यावर एका दुपारी ताईला खाली नेलं. गाऊन, टोपी, तोंडावर मास्क. पावलागणिक टाके ओढत होते. सासूबाई दाराबाहेरूनच म्हणाल्या, "आली एकदाची आई. आता लेकरं ओळख देतात का बघ."

ताईनं तिकडे लक्ष दिलं नाही. थोरल्याच्या पेटीच्या गोल खिडकीतून तिनं हात आत घातला आणि त्याच्या पाठीवर बोटं टेकवली. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा हळूच वर सरकला. ताईला रडूच फुटलं.

मग धाकटी.

ताईनं हात आत घातला...

आकडा खाली.

हात काढला. आकडा वर.

"होतं असं," सिस्टर पाठमोरीच म्हणाली. "एवढीशी बाळं श्वास घ्यायला विसरतात."

ताईनं पुन्हा हात घातला. बोट अजून टेकलंही नव्हतं...

मॉनिटर ठणाणा करायला लागला.

आणि तेव्हाच तिला वास आला. आंबट, नासलेल्या दुधाचा. धाकटीच्या उशाशी एक फडकं होतं. घडी घातलेलं. ओलं.

"हे कुणाचं?" ताईनं विचारलं.

"कुणाचं म्हणजे? तुमचंच. रोज दोन येतात. एक मिस्टर आणतात, एक तुम्ही."

"मी?"

"सकाळी येता ना तुम्ही. पेटीत हात घालून उभ्या राहता. बोलत नाही काही."

"अहो, मी आज पहिल्यांदा खाली येतेय."

सिस्टर वळली. पहिल्यांदाच तिनं ताईकडे नीट पाहिलं. टोपी आणि मास्कच्या मध्ये दिसतात ते फक्त डोळे. तिनं बराच वेळ पाहिलं.

"सकाळी येतात त्यांचे डोळे..." असं म्हणत ती एक पाऊल मागे सरकली.

ताईचा पारा चढला. भीती नंतर वाटली, आधी संतापच आला. आपल्या लेकीच्या उशाशी कुणीतरी परकी बाई रोज येऊन उभी राहते आणि कुणाला पत्ता नाही! तिनं ते फडकं खसकन ओढून काढलं. ते कोमट होतं. नुकतंच कुणीतरी छातीवरून काढल्यासारखं. तिनं ते कचऱ्याच्या डब्यात फेकलं.

धाकटीची छाती हलायची थांबली.

डॉक्टर धावत आले. ताईला मागे ढकललं. इवल्याशा तोंडावर मास्क लावून फुगा दाबायला लागले. आकडा घसरतच होता. भिंतीला टेकून ताई बघत होती, आणि तिला जे दिसत होतं त्याकडे बाकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

धाकटीची मूठ.

मूठ मिटली होती, पण पुरती नाही. मध्ये एका बोटाएवढी जागा उरली होती...

आणि मग तो हात वर उचलला गेला. सावकाश. पेटीच्या खिडकीकडे. कुणीतरी तिला हाताला धरून बाहेर नेत असावं तसा.

टाके, राग सगळं विसरून ताईनं हात जोडले.

"नेऊ नकोस गं बाई. तूच धर तिला. मी हात लावणार नाही. पण तिला इथं राहू दे."

हात खाली आला.

छाती हलली. आकडा चढायला लागला. "आली, आली!" असं कुणीतरी ओरडलं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. बाळंतपण, ताप, जागरण, मनाला काहीही दिसतं. ताईनं मान डोलावली. डब्यात पाहिलं तेव्हा फडकं नव्हतं, हे तिनं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. त्या सिस्टरनं दुसऱ्या वॉर्डात बदली मागून घेतली.

दोन्ही बाळं घरी आली. थोरला आईच्या कडेवरून उतरत नाही. धाकटीला आजी घेते, भाऊजी घेतात, शेजारीण घेते. ताईनं जवळ घेतलं की मात्र ती श्वास रोखून धरते, ओठ निळे पडेपर्यंत. ताईनं दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही. लोक म्हणतात, मुलगा झाला म्हणून मुलगी नकोशी झाली. सासूबाई तर तोंडावर म्हणतात. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

ताईनं शब्द दिला होता. लेक परत कधी मिळणार, हे विचारायचंच राहून गेलं होतं.

परवा संध्याकाळी धाकटी अंगणात धावताना पडली. गुडघा फुटला. आता ती बोलते. जवळ ताईशिवाय कुणी नव्हतं. तिनं दोन्ही हात वर केले आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईकडे बघून म्हणाली, "आई, घे."

ताई धावली. आणि हातभर अंतरावर थांबली. दोन्ही हात तिनं पाठीमागे घट्ट धरले.

धाकटी रडत राहिली... रडत राहिली...

मग तिचं रडणं हळूहळू कमी झालं. हुंदके संथ झाले. डोळे मिटले. बसल्या जागी तिचं डोकं एका बाजूला कललं, आणि मध्येच, हवेत, कशावर तरी टेकून राहिलं.

ताई तशीच उभी होती. दिवे लागले तरी तिनं हात पुढे केले नाहीत.