नानीचा मासा आखडला कसा?

"अगं नानी, थांब! सांडून राहिलं!"

लुबना ओरडली तोवर उशीर झाला होता. पांढरंशुभ्र घट्ट दूध साच्याच्या काठावरून ओघळलं आणि ओट्यावरून थेट मामेभाऊ फुरकानच्या पायावर पडलं.

"आई गं! भाजलं ना!" फुरकान एका पायावर नाचायला लागला.

नानी, म्हणजे कुलसुमबी, मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या हातातल्या पितळी गडूत अजून बरंच दूध शिल्लक होतं. त्या कधी गडूत बघत होत्या, तर कधी साच्यात.

"असं कसं झालं? एक गडू म्हणजे एक मासा. लग्न होऊन आले तवापासून हेच माप हाय माझं!"

हिवरखेडची लुबना दर उन्हाळ्याच्या सुट्टीत परतवाड्याला नानीकडे यायची, ती निम्मी या माशासाठीच. नानीच्या आजेसासऱ्यांनी चिखलदऱ्याला एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यात खानसामा म्हणून काम केलं होतं. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याने त्यांना चिनी मातीचा एक जाडजूड पांढरा साचा दिला होता. आतून खवल्याखवल्यांचा मासा कोरलेला. त्यात चायनाग्रास घातलेलं गोड दूध ओतायचं, थंड झालं की ताटात उपडं करायचं. झाला लुसलुशीत मासा तयार! घरात ईद असो की कोणाची मंगनी, म्हणजे साखरपुडा, त्याच्याशिवाय जेवणाचा दस्तरखान पुरा व्हायचाच नाही. आणि येत्या रविवारी तर लुबनाच्या मावशीची, अनीसाखालाची, मंगनी होती! त्याचीच ही रंगीत तालीम चालली होती.

"अम्मी, आता वय झालं तुमचं," शफीमामू दारातूनच म्हणाले. "अंदाज चुकतो माणसाचा. मी केक सांगून देतो बाजारात." आणि ते निघूनही गेले. शफीमामूंचं मांडव-खुर्च्या भाड्याने द्यायचं बिछायत केंद्र होतं. लग्नसराईत त्यांना जेवायलाही फुरसत नसायची, तर ऐकून घ्यायला कुठून असणार?

नानी पाटावर बसल्या. "खरंच असंन बाप्पा. हातच गेला माझा," त्या हळूच म्हणाल्या.

डोळे मिटूनही मिठाचा अंदाज न चुकणारी नानी आपल्याच हातांकडे परक्यासारखी बघत होती. नाही! नानीचा हात चुकला नव्हता. दुसरंच काहीतरी चुकलं होतं.

*

दुपारी कूलरसमोर तिघांची बैठक बसली. लुबना, मामूंचा फुरकान आणि शेजारची आरती. मध्ये धुऊन पुसलेला साचा.

"गडू तोच, दूध तेवढंच," लुबना म्हणाली. "मग उरलं काऊन?"

"मासा पोटभर जेवला असंन आधीच," फुरकान म्हणाला.

"गप रे! काठावरचा हा टवका पाहा. कोणी पाडला होता?"

"मीच. लहान होतो ना मी!" फुरकानने नाक फुगवलं. "आतापर्यंत बोलणी खाऊन राहिलो त्याच्यापायी."

"हात लाव त्याला."

फुरकानने बोट फिरवलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. "अबे! हा त गुळगुळीत हाय!"

"तेच ना! टवका उडाला की आतली माती उघडी पडते. ती खरखरीतच लागणार. मागच्या वर्षी मी साचा घासला, तेव्हा माझं बोट खरचटलं होतं. आणि आता तिथे काचेसारखी चमक! फुटलेल्या जागी झिलई चढवायला कोण आलं होतं?"

आरतीने साचा उचलून आतल्या खवल्यांवरून बोटं फिरवली. ते बोथट लागत होते, जणू कोणीतरी माशाला साबण लावून घासलं होतं.

"मागच्या वर्षी मी शाडूचा गणपती केलता," ती एकदम म्हणाली. "ओला होता तेव्हा कागदाचा मुकुट बनवला, बरोब्बर मापाचा. गणपती वाळल्यावर घातला, त मुकुट थेट डोळ्यांवर! आई म्हणे, मुकुट वाढला नाही बेटा, गणपती आखडला. माती वाळली की आखडते."

तिघांनी पुन्हा साच्याकडे पाहिलं.

"म्हणजे..." लुबनाने टवक्यावर बोट ठेवलं. "कोणीतरी नानीच्या साच्याचा छाप घेतला, त्यात नवीन माती ओतली. ती वाळली, भाजली, आणि आखडली! टवक्याचाही छाप आला, पण वरून झिलई बसली. हा आपला साचा नाहीच! ही नक्कल हाय!"

"अन् खरा कुठे हाय?" फुरकानने विचारलं.

संशय घ्यायला दोन माणसं होती.

पहिले नत्थुजी. बाजारात त्यांचं कपबश्यांचं दुकान होतं आणि दर ईदला ते नानीला म्हणायचे, "कुलसुमबी, मासा मले विकून टाका." दुसरे खुशालराव. 'घरातल्या जुन्या वस्तूंची मोफत ओळख आणि किंमत' असा फलक लावून हे पाहुणे महिन्याभरापूर्वी मंगल कार्यालयात बसले होते. नानीचा साचा त्यांनी 'बारकाईने तपासायला' ठेवून घेतला होता. परवा तो परत देताना ते म्हणाले होते, "सामान्य वस्तू आहे, आजी. शंभर रुपयेही कोणी देणार नाही."

"खुशालराव चोर कसे असतील?" फुरकान म्हणाला. "अब्बा त मंगल कार्यालयात त्यांच्या निरोपाला आज संध्याकाळी शाल-नारळ देऊन राहिले!"

"म्हणूनच आधी नत्थुजी," लुबना उठली. "चला!"

*

नत्थुजींच्या दुकानात ऊन शिरू नये म्हणून गोणपाट सोडलं होतं. आतल्या अंधारात नत्थुजी पेंढ्यात हात घालून काहीतरी लपवत होते. निदान लुबनाला तरी तसंच वाटलं.

"काय लपवून राहिले, काका?" फुरकानने धाडकन विचारलं. लुबनाने त्याला कोपराने ढोसलं, पण उपयोग काय!

"लपवू?" नत्थुजींनी पेंढ्यातून एक बशी काढली. "माल भरून राहिलो. पेंढ्यात नाही भरला त फुटंन ना! काऊन आले तुमी? अन् हे डोळे काऊन वटारून राहिली, पोट्टे?"

लुबनाला खोटं जमेना. तिने सगळं सांगून टाकलं. नत्थुजींचा चेहरा लाल झाला.

"मी मासा इकत मागतो, चोरून नाही मागत! समजलं?" ते कडाडले. मग एकदम आवाज खाली आणून गोणपाटाबाहेर डोकावले. "पण एक गोष्ट सांगू? त्या खुशालरावाचा डायवर देवमन काल माझ्याकडून पोतंभर पेंढा घेऊन गेला. आता खुशालराव म्हणते, मी वस्तू इकत घेत नाही, नुसती किंमत सांगतो. तपासलेल्या वस्तू त घरोघर परत केल्या. मंग पेंढ्यात भरून काय नेऊन राहिला तो?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

*

मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात खुशालरावांची जीप उभी होती. मागच्या बाजूला दोन लाकडी पेट्या, आणि एकीच्या फटीतून पेंढा डोकावत होता. देवमन बोनेटला टेकून उभा होता. मुलं दिसताच तो सरळ झाला आणि पेट्यांवर ताडपत्री ओढून म्हणाला, "हटा इथून!"

साध्या सामानाला एवढं झाकायचं कशाला?

फुरकान शफीमामूंना सांगायला धावला आणि तोंड पाडून परत आला. "अब्बा म्हणे, मोठ्या माणसावर आळ घेता? खुर्च्या लावा गुपचूप!"

"काय म्हणाले?" लुबनाने विचारलं.

"खुर्च्या लावा."

"मग लाव की!" लुबनाचे डोळे चमकले. "कुठे लावायच्या ते सांगितलं का त्यांनी?"

*

संध्याकाळी हॉल भरला. वलगावहूनसुद्धा लोक आले होते. शफीमामूंनी पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घातली, टाळ्या झाल्या. खुशालराव हसत हात जोडत होते. त्यांच्या बोटांत अंगठ्या होत्या आणि जिभेवर मध. ओढणीखाली लुबनाने तो नकली साचा घट्ट धरला होता.

"सर, एक विचारू?" ती उभी राहिली. "खरी जुनी वस्तू अन् नक्कल, कसं ओळखायचं?"

शफीमामूंनी डोळे वटारले, पण खुशालराव खुलले. असा प्रश्न म्हणजे त्यांना आयतंच व्यासपीठ!

"छान प्रश्न आहे, बाळ! हे बघ, चिनी मातीची जुनी वस्तू वापरून बुडाशी झिजलेली असते. कुठे टवका उडाला असेल तर ती जागा खरखरीत लागते. नक्षी धारदार असते. आणि नक्कल नेहमी मुळापेक्षा थोडी लहान होते, कारण माती भट्टीत आकसते. माझ्या नजरेतून नक्कल कधीच सुटत नाही!"

"मग सर, हे पाहता का?" लुबनाने साचा बाहेर काढला. "बुडाशी झीज नाही. टवका गुळगुळीत. खवले बोथट. अन् नानीच्या मापाचं दूध याच्यात मावत नाही. परवा तुमीच परत दिला हा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. खुशालरावांचं हसू क्षणभर गोठलं, पण क्षणभरच.

"अगदी बरोबर ओळखलंस! ही नक्कलच आहे. तुमच्याकडे मुळातच नक्कल होती. म्हणून तर मी म्हटलं, शंभर रुपयेही येणार नाहीत!"

लोक हसले. "बस खाली!" शफीमामू दातओठ खात पुटपुटले. या डावाचा विचार लुबनाने केलाच नव्हता! तिच्या डोळ्यांत पाणी येणार, एवढ्यात मागच्या दारात उभी असलेली आरती किंचाळली,

"खुशालरावांनी देवमनला खूण केली! मी पाहिलं! जीप निघून राहिली!"

आणि बाहेरून आवाज आला. धाड! धडाम! खळखळखळ!

सगळा हॉल अंगणात धावला. जीपच्या मागे, फाटकाच्या वाटेवर, प्लास्टिकच्या खुर्च्यांची भिंत होती, एकावर एक रचलेली, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत! तिचा अर्धा भाग जीपच्या टपावर कोसळला होता. खुर्च्यांच्या ढिगात देवमन हॉर्न बडवत बसला होता आणि फुरकान बाजूला उभा राहून निरागसपणे म्हणत होता, "अब्बा, लावल्या ना मी खुर्च्या!"

"हा काय पोरकटपणा!" खुशालराव गरजले. "ते माझं खासगी सामान आहे!"

"सामान तुमचं असंन, पण पेंढा माझा हाय," गर्दीतून नत्थुजी पुढे आले. "काय भरलं त्याच्यात? तुमी त काही इकत घेत नाही म्हणे!"

आता कोणी हसत नव्हतं. शफीमामूंनी एकदा पाहुण्यांच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं, एकदा लुबनाकडे. मग त्यांनी खिशातून फोन काढला. पोलीस ठाणं जवळच होतं. ठाणेदार मॅडम येईपर्यंत खुशालराव दोनदा फाटकाकडे सरकले, दोन्ही वेळा नत्थुजी त्यांच्या आधी तिथे पोचले.

पेटी उघडली. पेंढ्यातून आधी निघाली वलगावच्या एका काकूंची निळ्या फुलांची बरणी. "अगं बाई! मग माझ्या घरी कोणती आली?" काकू ओरडल्या. आणि मग निघाला मासा! जाड, दुधाळ, खवले असे धारदार की बोट लागलं तर जाणवावं.

लुबनाने दोन्ही साचे जीपच्या बोनेटवर शेजारी ठेवले. एक मोठा, दुसरा किंचित लहान, एरवी हुबेहूब. दोघांच्याही काठावर टवका.

"माझ्याकडे असे पुष्कळ साचे आहेत," खुशालराव अडखळले. "हा दुसरा..."

"दुसरा?" लुबनाने दोन्ही टवक्यांवर बोट ठेवलं. "त्याच जागी, त्याच आकाराचा टवका? साचे कारखान्यात सारखे बनतील, सर. पण फुटतील कसे सारखे? हा त फुरकानने पाडला होता!"

"मीच पाडला!" फुरकान छाती काढून म्हणाला. टवका पाडल्याचा एवढा अभिमान त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

देवमनने खुर्च्यांच्या ढिगातूनच सांगायला सुरुवात केली. लोकांच्या वस्तू कुठे नेल्या जायच्या, कोण नकला करायचं, खरा माल कुठल्या शहरात विकला जायचा, सगळं. ठाणेदार मॅडमनी दोघांनाही गाडीत बसवलं आणि परत येऊन तिघांसमोर उभ्या राहिल्या.

"शाब्बास! संशय सगळ्यांनाच येतो. तुम्ही तो तपासून पाहिला. आणि चोराच्याच तोंडून पुरावा काढून घेतला!"

शफीमामू बोनेटपाशी आलेल्या अम्मीसमोर मान खाली घालून उभे राहिले. "अम्मी, तुमचा हात नाही चुकला. माझी नजर चुकली."

नानींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या माशाच्या खवल्यांवरून हलकेच बोटं फिरवत होत्या. मग एकदम ताठ होऊन म्हणाल्या, "केक सांगितला होता ना? रद्द कर आधी!"

*

मंगनीनंतर अमरावतीहून इतिहासाच्या एक प्राध्यापिका साचा पाहायला आल्या. शंभर वर्षांहून जुना आहे, त्या म्हणाल्या. जमवणारे लोक चांगली किंमत देतात. मात्र टवक्याने ती उतरते, आणि कोणाच्या घरात कसा वापरला गेला हे ठाऊक असलं की पुन्हा चढते. "विकणार का?" त्यांनी विचारलं. नानींनी उत्तर म्हणून त्यांच्यासमोर माशाची शेपटी वाढलेली बशी ठेवली.

ही बातमी गावात पसरली मात्र, अन् शफीमामूंच्या ओसरीवर रांग लागली! कोणी कप आणला, कोणी बरणी. "लुबना बेटा, खरं का नकली सांग ना!" लुबना बूड बघायची, आरती नक्षी चाचपायची आणि फुरकान लोकांना बसायला खुर्च्या द्यायचा.

रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींची बरणी लुबनाने उलटसुलट करून पाहिली. काय सांगावं? ती जरा घुटमळली.

"आजी, खरं सांगू? ही जुनी नाही. साधीच हाय. बाजारात कुठेही भेटंन."

"बरं झालं बाई!" आजींनी बरणी झटकन काखोटीला मारली. "मौल्यवान निघाली असती त लोणचं कशात घातलं असतं मी?"

आणि आजी तरातरा निघूनही गेल्या. आंबे फोडायचे राहिले होते.