नेदर कूमचं अक्रोडाचं झाड

क्लेमंट हरल जिना चढून आले ते टोपी न काढताच बोलू लागले.

"माझ्या फाटकावर कोणीतरी 'खुनी' असं लिहिलंय. लाल रंगानं, ह्या एवढ्या अक्षरांत. आणि मी मारलं म्हणे काय, तर झाड! तेही मी मारलेलं नाही."

विनिफ्रेड आस्कनं खुर्ची पुढे सरकवली. विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधून काढण्यात तिची अर्धी हयात गेली होती. आता बाजारपेठेतल्या चपलांच्या दुकानावर तिचं स्वतःचं कार्यालय होतं. तिचा चुलतभाऊ गॉडफ्री पेल खिडकीत बसून सँडविच खात होता. जन्मभर बस चालवून तो निवृत्त झाला होता आणि आता विनिफ्रेडची गाडी चालवत होता.

"नीट पहिल्यापासून सांगा, मिस्टर हरल."

नेदर कूमच्या वेशीवर, हरलांच्या शेताच्या तोंडाशी, अक्रोडाचं एक जुनं झाड होतं. शेतावर घरं बांधायची एका कंपनीची योजना होती आणि आत जायचा रस्ता नेमका झाडाच्या जागेवरून जाणार होता. हिवाळ्यात गावानं झाडाभोवती पिवळी फीत बांधली, सह्या गोळा केल्या. काउंटीनं, म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनानं, झाडाला संरक्षण दिलं. पण मे महिन्यात झाडाला पालवी फुटली ती सुकतच. जूनमध्ये काउंटीचा माणूस आला, त्यानं फीत कापली, तर खाली खोडात पाच-सहा भोकं. आत तणनाशक ओतलेलं.

"जमीन तुमचीच ना?" गॉडफ्रीनं विचारलं. "विकायला काढलीये?"

"बोलणी चाललीयेत." हरल टोपीकडे बघत राहिले. "माझ्याकडे तणनाशक आहे, ड्रिल आहे. मग झालं! आज दुकानात कोणी माझ्याशी बोलत नाही. माझ्या बायकोचं, एडीचं नाव चर्चच्या फुलांच्या पाळीतून काढलं. बावीस वर्षं ती तिथं फुलं लावतेय हो! कोणी काही विचारलंसुद्धा नाही, नुसतं काढलं."

---

झाडाखाली वाळक्या पानांचा सडा पडला होता. कापलेली फीत एका फांदीवर लोंबत होती. विनिफ्रेडनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. वीतभर रुंद, जाड कापड. एका बाजूला सुरीचा काप. दुसरीकडे दोन टोकं एकमेकांवर ठेवून बारीक टाक्यांनी शिवलेली.

"शिवण एकच," ती म्हणाली. "उसवून पुन्हा घातल्याची खूण नाही. जुन्या सुईची भोकंसुद्धा नाहीत."

"बायका काहीही शिवत बसतात," गॉडफ्री म्हणाला.

"तू गप्प बस आणि ती भोकं बघ. कुठं आहेत?"

"रस्त्याच्या बाजूला. फितीच्या बरोब्बर खाली."

"हरलांना झाड मारायचं असतं तर त्यांनी कुठून मारलं असतं?"

"शेताच्या बाजूनं. तिथं कुंपण आहे, कुणाला काही दिसणार नाही." गॉडफ्रीनं डोकं खाजवलं. "पण मुद्दाम रस्त्याच्या बाजूनं करतील, संशय येऊ नये म्हणून!"

विनिफ्रेडनं फितीची घडी करून ती पिशवीत टाकली.

---

झाडासमोरच्या घरात कथबर्ट ब्रिमली राहत. गावचे निवृत्त दंतवैद्य आणि ग्रामसभेचे अध्यक्ष.

"भोकं?" दार उघडता उघडताच ते कडाडले. "झाडातली भोकं बघायला माणसं येतात. रस्त्यातले खड्डे बघायला तीन वर्षांत कोणी आलं नाही! बस बंद केली, पोस्ट बंद केलं. नियोजन खात्याला फोन केला तर बाई म्हणते, तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, आणि वाजंत्री लावून निघून जाते."

"झाडाची सावली तुमच्या दिवाणखान्यात येत होती?"

"येत होती, पानं पन्हाळीत अडकत होती, मी दरवर्षी शिव्या घालत होतो. लिहून घ्या." त्यांनी फडताळातली बरणी दाखवली. "आणि दरवर्षी कोवळे अक्रोड व्हिनेगरमध्ये मुरवत होतो. ही शेवटची बरणी. माझी आई याच झाडाचे घालायची. मी मारीन होय ते?"

"ड्रिलचा आवाज ऐकलात कधी?"

"बाईसाहेब, पलीकडच्या गल्लीत कोणी गवत कापलं तरी मी खिडकीत येतो. यंत्र लागलं असतं तर मी तिथल्या तिथं हजर झालो असतो. मला कोणी काही सांगत नाही, पण ऐकू येतं सगळं."

"फितीपाशी कोण असायचं?"

"मिस यलँड, दुसरं कोण! झाडाची मोहीम तिची. ती रोज तिथं असायची. शेवटी शेवटी तर मी तिच्याकडे बघायचंही सोडलं होतं."

बाहेर येऊन विनिफ्रेडनं बांधकाम कंपनीला फोन लावला. बऱ्याच वाजंत्रीनंतर एक तरुण आवाज आला.

"आमचा काय संबंध? झाडाला संरक्षण मिळालं तेव्हाच आम्ही रस्ता हलवला. मार्चमध्येच. खालच्या बोळातून. काउंटीही तयार होती. आता झाड मेलंय म्हटल्यावर पुन्हा पहिल्या जागेचा विचार होईल. सगळं काम मागे! आमच्यावर कसला संशय घेता?"

---

खालच्या बोळाच्या तोंडाशी यलँड बहिणींचं घर होतं. फाटकाशी गॉडफ्री जमिनीतल्या एका खुंटीला अडखळला आणि जोरात ओरडला. कुंपणाच्या कडेनं लाल टोकाच्या तसल्याच खुंट्या रांगेनं ठोकल्या होत्या.

"त्या मोजणीवाल्यांच्या आहेत," आतून आवाज आला. एक वयस्क बाई कुंपणावर हात फिरवत सावकाश, पण न अडखळता आल्या. "मी नेल. मला दिसत नाही, पण तुम्ही कुठं धडपडलात ते मला कळलं. ठोकत होते तेव्हा कसलं ठणठण चाललं होतं! या कुंपणाच्या आधारानं मी फाटकापर्यंत एकटी येते. तेवढंच माझं बाहेर जाणं."

"कुंपण तुमचंच ना?"

"कुंपण वडिलांनी लावलेलं. खालची जमीन मात्र काउंटीची आहे म्हणे. हेस्टर म्हणते, काळजी करू नकोस."

हेस्टर यलँड आत चहा करत होती. उंच, ताठ, हातात सतत काहीतरी काम. भिंतीवर सुतार बापाची हत्यारं टांगली होती, करवती, रंधे, भोकं पाडायची, हातानं फिरवायची गिरमिटं. बहुतेकांवर गंज चढला होता. गॉडफ्रीनं तिथल्याच खुंटीला कोट अडकवला.

"फीत तुम्हीच बांधलीत?" विनिफ्रेडनं विचारलं.

"आधी गाठ मारलेली होती. वाऱ्यानं तिच्या चिंध्या झाल्या. एप्रिलमध्ये, ईस्टरला, मी नवीन आणली आणि टोकं खोडावरच शिवली, पोरांनी सोडू नये म्हणून. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही."

"त्यानंतर ती कोणी काढली?"

"कोणी नाही. मी रोज बघत होते. काउंटीच्या माणसानं कापली ती पहिल्यांदा." तिनं कप जरा जोरातच ठेवला. "हरलला विचारा काय ते. आम्ही इतकी वर्षं लढायचं, कागद लिहायचे, सभा घ्यायच्या. उत्तर काय? 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' बस्स!"

गाडीत बसल्यावर गॉडफ्री कुरकुरला. "कोटाच्या बाहीला तेल लागलं. भिंतीवरच्या त्या गिरमिटाचं. बाकी सगळं गंजून गेलंय आणि त्या एकालाच तेल! कोण लावतं गं असलं?"

विनिफ्रेडनं सुस्कारा सोडला. "गॉडफ्री, ग्रामसभा कधी आहे?"

---

सभागृहात सारं गाव होतं. ब्रिमली पाऊण तास खड्ड्यांवरच बोलले. हरल आणि एडी शेवटच्या रांगेत बसले होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अखेर विनिफ्रेड उभी राहिली.

"झाड मारल्याचा आळ मिस्टर हरलांवर आहे. कारण झाड रस्त्याच्या आड येत होतं. हे हिवाळ्यात खरं होतं. पण मार्चमध्ये कंपनीनं रस्ता खालच्या बोळातून न्यायचं ठरवलं. त्यानंतर झाड जगलं काय, मेलं काय, हरलांना आणि कंपनीला सारखंच."

"विष मार्चनंतर ओतलं हे कशावरून?" ब्रिमली म्हणाले.

"भोकं फितीखाली होती. ही फीत ईस्टरला खोडावरच शिवली गेली आणि जूनमध्ये कापली गेली. मधे ती उसवलेली नाही, शिवण मी तपासली आहे. म्हणजे भोकं शिवण्याआधीची. आता, जिनं फीत शिवली तिचं नाक खोडापासून वीतभर अंतरावर होतं. आधीच दुसऱ्या कोणी भोकं पाडली असती, तर ती तिला दिसली असती आणि तिनं सगळं गाव गोळा केलं असतं. ती गप्प राहिली."

माना हळूहळू वळू लागल्या.

"मिस्टर ब्रिमलींना यंत्राचा आवाज आला नाही, कारण यंत्र नव्हतंच. गिरमिट होतं. यलँडांच्या भिंतीवर गंजलेल्या हत्यारांत एकच तेल लावलेलं आहे. आणि रस्त्याच्या बाजूला, भर उजेडात झाडाशी खटपट करताना कोणाकडे गावाचं लक्ष जाणार नाही? जी रोजच तिथं असते तिच्याकडे."

"पण तिनंच तर ते वाचवलं!" कोणीतरी ओरडलं.

"हो. आणि ते वाचलं म्हणून रस्ता तिच्या कुंपणावर आला. खुंट्या ठोकल्या गेल्या. आता कोणत्या तोंडानं म्हणणार, की झाड पाडा?"

हेस्टर उठली नाही. बसूनच बोलली.

"मी विचारलं होतं काउंटीला. कुंपण तेवढं सोडा म्हटलं, माझ्या बहिणीला दुसरा आधार नाही. साहेब म्हणाला, झाडासाठी सह्या तुम्हीच गोळा केल्यात ना, बाई? मग आम्ही ऐकलं तुमचं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं."

"आणि मिस्टर हरल?" विनिफ्रेडनं विचारलं. "त्यांच्या फाटकावर लिहिलं गेलं तेव्हा?"

हेस्टरच्या शेजारी बसलेल्या नेलनं चाचपडत तिचा हात शोधला.

"माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्यासाठीच."

"मला विचारायचं तरी होतंस, हेस्टर. मी दुसरी वाट शिकले असते."

पुढच्या रांगेतून एकजण म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण आता रस्ता जाणार कुठून?" दुसरा म्हणाला, झाडाच्याच जागेवरून. तिसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं. ब्रिमली टेबल बडवू लागले. हरलांची माफी मागायचं कोणाच्याही मनात आलं नाही. लोक त्यांच्या अंगावरून हात लांबवून एकमेकांशी भांडत होते.

हरल आणि एडी बाहेर पडले. विनिफ्रेड आणि गॉडफ्री त्यांच्या मागोमाग आले.

"नाव तर साफ झालं तुमचं," गॉडफ्री म्हणाला. "आता शांतपणे राहा."

हरल एडीकडे पाहत म्हणाले, "जमीन विकायची की नाही, ते आमचं ठरलंच नव्हतं. वसंतात कंपनीला नाही म्हणायच्या विचारात होतो. आमचा मुलगा शेती करायची म्हणत होता. मग फाटक रंगवलं गेलं, आणि तो म्हणाला, या लोकांत मी राहणार नाही."

"मग?"

"आज सकाळी सही करून आलो."

एडीनं हातमोजे चढवले. आत कोणीतरी ओरडून विचारत होतं, रस्ता झाला तर दिव्यांचे खांब कोणाच्या दारासमोर येणार?