राखीव पेशी

सांगलीच्या नाट्यगृहात त्या रविवारी सिगारेट सोडलेल्या मंडळींचा जाहीर सत्कार होता. शाल, श्रीफळ आणि फुफ्फुसाच्या आकाराचं स्मृतिचिन्ह. नाट्यगृहाचे व्यवस्थापक शिरीष माळवदे यांनी खुर्च्या मांडून घेतल्या, माइक तपासला आणि ते शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. त्यांनी जन्मात एकही सिगारेट ओढली नव्हती. त्याबद्दल त्यांना कुणी साधा नारळही दिला नव्हता.

व्यासपीठावर त्यांचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान विलासराव नलवडे, बसले होते. अर्धं आयुष्य सिगारेट ओढून मग सोडलेली. “विलासरावांच्या पेशींनी आजवर चौघांना श्वास दिला आहे,” निवेदिका म्हणाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. याच दाजींवर माळवद्यांनी एकदा नाट्यगृहाच्या आवारात दंडाची पावती फाडली होती.

जग असं उलटं झालं ते एका शोधामुळे. ओढणं थांबलं की फुफ्फुसं सावरतात, हे जुनंच ज्ञान. धुरानं काळवंडलेल्या श्वासनलिकांतही काही पेशी कोपऱ्यात अंग चोरून पडलेल्या असतात. धूर बंद झाला की त्या जाग्या होतात, भराभर वाढतात आणि जळलेल्या अस्तराच्या जागी नवं अस्तर घालतात. नवी गोष्ट एवढीच, की या जाग्या पेशी आता बारीक नळी घालून खरवडून काढता येत, प्रयोगशाळेत वाढवता येत आणि जुळणी झाली तर फवाऱ्यानं दुसऱ्याच्या छातीत सोडता येत. त्यांना राखीव पेशी म्हणत. ज्यांनी कधी ओढलीच नाही त्यांच्या राखीव पेशी मात्र गाढ झोपलेल्या असत आणि काचेच्या बशीतही तशाच पडून राहत. लग्नाच्या जाहिरातींतून ‘निर्व्यसनी’ हा शब्द हळूहळू गळाला. ‘व्यसन सोडलेला’ असं लिहून आलं की वरपक्ष जरा ताठ बसे.

माळवद्यांना या सगळ्याचं हसू आलं असतं, पण विश्रामबागेतल्या घरात त्यांची थोरली बहीण हेमाक्का नाकाला नळी लावून बसलेली होती. दाजी ओढत तेव्हा ती त्याच खोलीत भाजी निवडत असे. दाजींनी सोडली आणि त्यांची फुफ्फुसं सुधारली. अक्काची तोवर कामातून गेली होती. दाजींच्या पेशी तिला जुळत नव्हत्या.

“तुमची जुळणी सुंदर आहे,” अक्कावर उपचार करणाऱ्या डॉ. पाठारे तपासणीनंतर माळवद्यांना म्हणाल्या. “पण तुमच्या पेशी झोपलेल्या आहेत.”

“मग उठवा की.”

“औषध शोधतायत. धुराशिवाय अजून कशाला दाद देत नाहीत.”

माळवदे भिंतीवरच्या फुफ्फुसाच्या चित्राकडे बघत राहिले. “म्हणजे मी जर...”

“पुढचं मी ऐकलेलं नाही. किती ओढल्यावर जाग्या होतील, कुणालाच ठाऊक नाही. त्याआधी कॅन्सर होईल का, तेही नाही. शिवाय ओढणं थांबवल्यावरच कळतं, जाग्या झाल्या की नाही ते.”

“अक्काकडं किती वेळ आहे?”

डॉक्टर चष्मा पुसायला लागल्या. “दिवाळी बघतील,” त्या म्हणाल्या. कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही.

शिकवणी नाट्यगृहाच्या मागं, मोडक्या सेटच्या गोदामापाशी सुरू झाली. गुरू अर्थातच दाजी.

“बोटांत धरा, पाव्हणं. उदबत्ती ओवाळताय व्हय? आता आत घ्या. गिळायची नाही, छातीत घ्यायची.”

ठसक्यानं माळवद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं, “हे तुम्ही मजा म्हणून करत होता?”

“मजा पहिली एक-दोन वर्षं. पुढं नुसतंच.” दाजींनी नाकाला रुमाल लावला. “जरा सरकतो. धूर माझ्याकडं यायलाय.”

वारा उलट्या दिशेनं वाहत होता आणि दाजींची नजर सिगारेटच्या टोकावर होती.

रोज संध्याकाळी माळवदे अक्काकडे पत्त्यांचा सात-आठ खेळायला जात. ते बंद झालं. त्यांच्या शर्टाच्या नुसत्या वासानं तिचा श्वास अडला असता. पेशी जागवण्याच्या औषधाचा कोर्स चालू आहे, तोवर भेटायचं नाही, असं तिला सांगण्यात आलं. आता ते फोनवर बोलत. अक्का एका वाक्याचे तीन तुकडे करून बोलायची. “पत्ते... पिसून ठेवलेत... ये लवकर.”

उन्हाळ्याच्या शेवटी माळवद्यांनी सिगारेट सोडली. सहज सुटली. चार-सहा दिवसांत खोकला सुरू झाला, तेव्हा दाजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. श्वासनलिकेतली केसांसारखी लव धुरानं लुळी पडते. सोडल्यावर ती पुन्हा झाडलोट सुरू करते, म्हणून खोकला. प्रत्येक उबळीला दोघे मेव्हणे पोराचं पहिलं पाऊल बघावं तसे एकमेकांकडे बघून हसत. मग अहवाल आला. लव जागी होती, राखीव पेशी झोपलेल्या. माळवदे गोदामाच्या पायरीवर बसून रडले. डोळे पुसून त्यांनी दाजींना पाकीट आणायला पाठवलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मनापासून ओढली. अंकांच्या मधे, चहाच्या आधी, चहाच्या नंतर. आवारात कुणी ओढताना दिसलं की पावतीपुस्तकाऐवजी काडेपेटी बाहेर येऊ लागली. अक्काच्या वाक्याचे आता पाच तुकडे होत होते. गणपती झाले आणि सोडायचा दिवस आला. तेव्हा माळवदे म्हणाले, “आणखी आठवडाभर ओढू का? पेशींना नीट जाग येईल.”

“हे वाक्य मी तुमच्या अक्काला लई वेळा ऐकवलंय,” दाजी म्हणाले. “शब्द निराळे होते.”

माळवद्यांनी त्याच दिवशी सोडली. या वेळी ती सुटत नव्हती. झोप उडालेली, तिकीट खिडकीवरच्या मुलीशी विनाकारण भांडण. खोकला आला तरी कुणी हसलं नाही. नवं नाटक लागण्याच्या सकाळी डॉ. पाठाऱ्यांचा फोन आला. माळवद्यांनी उभ्याउभ्या ऐकला, “बरं,” म्हणाले आणि ठेवला.

“काय?” दाजींनी विचारलं.

“झोपलेल्याच आहेत.”

माळवद्यांचा हात शर्टाच्या खिशात गेला होता, आणि खिसा रिकामा नव्हता.

“सोडली होती न्हवं?” दाजींनी खिशाकडं बोट केलं. “मग पाकीट कशाला?”

“लागलंच तर असावं म्हणून. आता लागणारच की. परत सुरू करायला हवं.”

“डॉक्टरला एकदा इचारू तरी...”

“विचारायचं काय त्यात? अक्कासाठी करायलाच पाहिजे.” काडी पहिल्या फटक्यात पेटली. पहिला झुरका आत गेला, तसे इतक्या दिवसांचे आखडलेले खांदे खाली आले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. अक्का होती. माळवद्यांनी सिगारेट पाठीमागं धरली, जणू ती फोनमधून दिसणार होती, आणि म्हणाले, “बोल गं अक्का.”

पलीकडे यंत्राची घरघर आली. मग तिचा श्वास.

“शिरीष... आवाज... किती मोकळा... वाटतोय रे आज... जाग्या झाल्या?”